आधी पक्की पदवी, मग किनारा
वाढत्या समुद्रपातळीवर काम करायचे आहे म्हणून बारावीनंतर लगेच ‘क्लायमेट चेंज’ असे नाव असलेल्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ नये. आधी स्थापत्य, भूगोल, संख्याशास्त्र, कायदा किंवा समाजकार्य यांपैकी एका विषयात पाय घट्ट रोवावेत, किनारा त्यानंतर. हा क्रम का, ते कामाच्या स्वरूपावरून कळते. ‘आयपीसीसी’ या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, २००६ ते २०१८ दरम्यान वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. आकडा किरकोळ वाटतो. पण पेण-अलिबागच्या खारपट्टीत भातशेती भरतीच्या पातळीखाली, केवळ बांधाच्या भरवशावर उभी आहे. उधाणात बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन काही वर्षे नापीक होते. मग बांध उंच करायचा, कांदळवन वाढू द्यायचे, की गाव हलवायचे? त्यासाठी पातळीचे मोजमाप लागते, भरतीच्या नोंदी लागतात, सातबारा वाचता यावा लागतो, आणि सर्वांत अवघड म्हणजे गावाची संमती मिळवावी लागते. ओडिशातल्या सातभाया गावाचे लोक बागपाटियाला हलवले गेले. घराला जागा मिळाली, पण शेती मागे राहिली. ही उणीव आराखड्याच्या टप्प्यावरच ओळखणारी माणसे हवी आहेत.

“पण नोकरी कुठे?” ही पालकांची काळजी रास्त आहे. ‘क्लायमेट चेंज’ नावाच्या पदाची जाहिरात सहसा निघत नाही. काम मात्र खारभूमी विकासाची कामे पाहणाऱ्या सरकारी कार्यालयांत, कांदळवन कक्षात, खडकवासल्याच्या जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आणि किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेड) नकाशे, अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत आहे. सरकारी भरती रेंगाळते, संशोधनातली सुरुवात बहुधा कंत्राटी असते. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच मूळ पदवी भक्कम हवी. स्थापत्य अभियंत्याला रस्ते-पुलांची वाट कायम मोकळी राहते.

“एवढे शिकून पुन्हा चिखलच तुडवायचा का?” हा दुसरा आक्षेप मला मान्य नाही. कोळी-आगरी घरातल्या मुलाला उघाडी, म्हणजे बांधातले पाण्याचे दार, कधी बंद करायची, पाणी कुठून उलटते हे कळते. शहरातल्या तज्ज्ञाला ते शिकायला वर्षे जातात. त्या समजुतीला पदवीची जोड मिळाली, तर गाव त्याचे ऐकेल. प्रवेशअर्ज भरण्याआधी मुलांना अमावास्येच्या उधाणात बांधावर न्या, तिथल्या शेतकऱ्याशी बोलू द्या. तिथल्या प्रश्नांत मूल रमले, तर त्याला अडवू नका.