यंत्र उसनं चालेल, यादी आपली हवी

बाबू, जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्ड्याच्या पंचायत वाचनालयात संगणकाचं काम बघायला तू जाणार, हे ऐकून फार बरं वाटलं. कर्नाटकातली ही गावोगावची वाचनालयं २०१९ साली ग्रंथालय खात्याकडून ग्रामविकास आणि पंचायतराज खात्याकडे आली. पुढे त्यांना ‘अरिवु केंद्र’ हे नाव मिळालं आणि पुस्तकांच्या कपाटाशेजारी संगणक येऊ लागले. संगणक कुणीही लावून देईल. पण पुस्तकांची यादी आणि सभासदांच्या नोंदी दहा वर्षांनीही आपल्या हाती राहतील ना, हे रोज तिथे बसणाऱ्यानेच बघायचं असतं. त्यासाठी लागणाऱ्या या बारीकसारीक सवयी. तुला घाई फार, म्हणून आकडे घालून देते. एका दमात संपवू नको.

१. पहिल्या दिवशी कुठलंही सॉफ्टवेअर घालू नको. दाखल-वही घेऊन कपाटापुढे मांडी घाल आणि एकेक पुस्तक ताडून बघ — वहीत असलेलं पण कपाटात नसलेलं पुस्तक एकदा संगणकात शिरलं की वाचक ते मागत राहतो आणि तू शोधत राहतोस.

२. यादी आधी लिब्रेऑफिसच्या साध्या तक्त्यात कर: दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, भाषा, प्रकाशक, साल, कपाट, प्रत्येकाला वेगळा रकाना. हा तक्ता सीएसव्ही म्हणूनही जतन कर — ती फाइल कुठलंही यंत्र वाचतं आणि उद्या कुठल्याही प्रणालीत भरता येते.

३. टंकलेखन फक्त युनिकोडमध्ये. श्रीलिपी, आकृती किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टात अक्षर देखणं दिसतं, पण त्याच्या मोहात पडू नको — तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर भलतीच अक्षरं उमटतात आणि शोधलेलं नाव सापडत नाही.

४. इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घे, सुरुवातीला बोटं अडखळली तरी सोडू नको — देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांची मांडणी त्यात सारखीच आहे, मराठीतला ‘क’ ज्या कळीवर त्याच कळीवर कन्नडचा ‘क’. जोयड्यासारख्या तालुक्यात एका शिकण्यात दोन भाषा हाताला येतात, हे काय थोडं झालं?

५. लेखकाचं नाव लिहायची एकच रीत ठरव आणि ती भिंतीवर चिकटव — ‘वि. स. खांडेकर’, ‘खांडेकर, वि. स.’ आणि ‘विष्णू सखाराम खांडेकर’ हे संगणकाला तीन वेगळे लेखक वाटतात.

६. कन्नड पुस्तकाचं नाव कन्नड लिपीत लिही आणि शेजारच्या रकान्यात तेच देवनागरीत — शिवराम कारंत वाचू पाहणारा प्रत्येक जण दोन्ही लिप्या जाणतोच असं नाही. मोठ्या ग्रंथालयांच्या मार्क पद्धतीत यासाठी ८८० क्रमांकाचा रकानाच राखलेला आहे, म्हणजे हे काही आपलं गावठी खूळ नव्हे.

७. आंतरजालावरून परदेशी ग्रंथालयांच्या तयार नोंदी उतरवता येतात. जरूर उतरव, पण तशाच ठेवू नको — तिथे मराठी पुस्तकांची नावं पुष्कळदा रोमन लिपीत, वरखाली टिंबं-रेघा देऊन लिहिलेली असतात, आणि आपल्याकडचा वाचक शोधणार देवनागरीत. जुन्या मराठी पुस्तकांवर नोंद शोधायला उपयोगी पडणारा आयएसबीएन क्रमांक नसतोच, ती हातानेच भरायची.

८. आता कोहा, म्हणजे ग्रंथालयाची यादी आणि देवघेव सांभाळणारी खुली प्रणाली. तिच्याविषयी जरा सविस्तर सांगते, कारण तुला लोक दोन टोकांचे सल्ले देतील. ही प्रणाली कुण्या बड्या विद्यापीठात जन्मली नाही. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या ग्रामीण जिल्ह्याच्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती. नवी विकत घेण्याऐवजी त्यांनी १९९९ मध्ये एका छोट्या कंपनीकडून ती करवून घेतली, जानेवारी २००० मध्ये वापरात आणली आणि तिचा कोड सगळ्या जगाला खुला करून दिला. आज आपल्या देशातली कितीतरी महाविद्यालयं आणि विद्यापीठं तीच वापरतात. मला तिचं अप्रूप आहे ते यासाठी — एका लहान ग्रंथालयाने आपली गरज भागवताना दुसऱ्या लहान ग्रंथालयांचीही सोय केली.

तरी दोन-तीन कपाटांच्या वाचनालयात पहिल्याच महिन्यात कोहा घालायचा हट्ट धरू नको — तिला लिनक्सचा सर्व्हर लागतो आणि तो बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस लागतो. तक्ता नीट असेल तर ती दोन वर्षांनीही घेता येईल. तालुक्यातली पाच-दहा वाचनालयं मिळून एकच कोहा चालवायची असं ठरलं तर मात्र सगळ्यात आधी हात वर कर.

९. फुकट आणि खुलं यात फरक आहे. एनआयसी या सरकारी संगणक संस्थेची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली सरकारी ग्रंथालयांना विनामूल्य मिळते आणि कामाचीही आहे, पण तिचा कोड खुला नाही. प्रणाली कुठलीही असो, पहिला प्रश्न हाच विचार: माझ्या सगळ्या नोंदी मला बाहेर कशा काढता येतील? — नोंदी बाहेर निघत नसतील तर प्रणाली बदलायच्या दिवशी पुन्हा पहिल्या पुस्तकापासून सुरुवात.

१०. नेटवर्कच्या भरवशावर पोरांना बसवू नको, किविक्स घालून ठेव — या मोफत ॲपमध्ये अख्खा विकिपीडिया एका फाइलीत मावतो आणि इंटरनेटविना वाचता येतो. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया आणि सोबत कन्नडही, दांडेलीला किंवा बेळगावला गेलास की उतरवून घे आणि पेनड्राइव्हवरून आण. फाइल किती तारखेची आहे ते कागदावर लिहून पडद्याशेजारी लाव — पोरं त्यातली माहिती आजची समजतात.

११. लहानांसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ बघ. २०१५ पासून तिथे मराठी, कन्नड आणि इतर भाषांतली चित्रमय गोष्टींची पुस्तकं खुल्या परवान्याने ठेवलेली आहेत. लेखक-चित्रकाराचं नाव राखून ती छापता येतात, भाषांतरही करता येतं — घरी कोकणी बोलणाऱ्या पोराला शाळेतल्या कन्नड गोष्टीचं आपल्या बोलीत रूप करायला लाव, म्हणजे तो ती गोष्ट दोनदा वाचतो आणि त्याला ते कळतही नाही.

१२. स्कॅन करण्याआधी लेखकाचं मृत्यूचं साल बघ. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो, तो पुढच्या १ जानेवारीला सुटतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं मूळ मराठी लेखन २०११ पासून सर्वांचं, पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यांच्यासाठी २०६१ पर्यंत थांब. भाषांतराचा हक्क भाषांतरकाराच्या हयातीवर वेगळा मोजायचा — मूळ पुस्तक मोकळं झालं म्हणून त्याचा अनुवाद मोकळा होत नाही.

१३. छापील जुनं पान वाचून मजकूर करून देणारं टेसरॅक्ट हे खुलं साधन मराठीही जाणतं आणि कन्नडही. जोडाक्षरं मात्र स्वतः तपास — छपाई पुसट असली की ते बेधडक चुकीचं लिहितं.

१४. दर शनिवारी कुलूप लावण्याआधी यादीची प्रत दोन पेनड्राइव्हवर घे, एक वाचनालयात आणि दुसरा शाळेत — गळकं कौल एका वेळी एकाच इमारतीत गळलं तर बरं. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून बघ. उघडून बघितली नाही ती प्रत नव्हेच.

१५. यादीचा छापील कागदही ठेव, दर तिमाहीला नवा. वीज जाते, वही राहते.

१६. पावसाळ्यात कुणी वापरणारं नसलं तरी संगणक रोज थोडा वेळ चालू कर — त्याची ऊब आतली दमट हवा घालवते. विजा चमकू लागल्या की मात्र बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढ.

१७. कोण काय वाचतं ते कुणाला सांगू नको, वाचणाऱ्याच्या बापालाही नाही — एखादी मुलगी आपल्या शरीराविषयीचं किंवा दूरच्या शहरातल्या शिक्षणाविषयीचं पुस्तक नेते तेव्हा तिने तुझ्यावर विश्वास टाकलेला असतो. कोहात परत आलेल्या पुस्तकाच्या नोंदीतून वाचकाचं नाव पुसण्याची सोय आहे. तक्त्यात ते काम तुझ्या हाताने कर.

१८. लोक आधार आणि जमिनीच्या उताऱ्याच्या प्रती काढायला येतील. माणूस उठला की डाउनलोडचा फोल्डर रिकामा कर, ब्राउझरमधून त्याला बाहेर काढ — पुढे बसणाऱ्याच्या हाती मागच्याची कागदपत्रं लागू नयेत.

१९. गावातली माणसं हाही वाचनालयाचा ठेवा. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या सुपा गावाचे घरोघरचे फोटो, कुणबी आजीला येणारी कंदमुळांची नावं, हे सगळं टिपून ठेव, पण आधी विचार आणि तिची संमती तिच्याच बोलीत, ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला येऊ दे. औषधाची मुळी जंगलात नेमकी कुठे मिळते हे आंतरजालावर कधी घालू नको. विकिमीडिया कॉमन्सवर काही द्यायचं तर त्याआधी दोन दिवस जाऊ दे, आजीला पुन्हा विचार — खुल्या परवान्याने एकदा दिलेलं परत घेता येत नाही.

२०. सगळे पासवर्ड, कुठली फाइल कुठे आहे आणि प्रत कशी घ्यायची, हे एका कागदावर मराठीत आणि कन्नडमध्ये लिही, पाकिटात बंद कर आणि पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पीडीओंकडे, सही घेऊन दे. पासवर्ड बदललास की पाकीटही त्याच दिवशी बदल — तू लग्नाकार्याला आठ दिवस गेलास तर वाचनालय तुझ्यावाचून चालायला हवं.