न्यूरोसर्जन व्हायचंय? आधी घरचा हिशोब

नीटच्या क्लासची पाटी नाही असा नाका अंधेरी-बोरिवलीत सापडायचा नाही, आणि मुलुंड-घाटकोपरही त्यात मागे नाही. अकरावी-बारावीच्या इंटिग्रेटेड बॅचला दोन वर्षांचे तीन ते पाच लाख सहज जातात. मग पालकांचा ठरलेला प्रश्न येतो: एमबीबीएसची फी किती? मुलीच्या डोक्यात न्यूरोसर्जरी असेल तर आधी वर्षं मोजा. इंटर्नशिप धरून एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमएस तीन, त्यावर एमसीएच तीन. सहा वर्षांचा थेट डीआरएनबी हा दुसरा रस्ता. मधल्या परीक्षा आणि बाँडची सेवा मिळवली की तिशी उलटतेच.

फीतली तफावत प्रचंड आहे. केईएम, सायन, नायर, कूपर ही पालिकेची कॉलेजं आणि सरकारी जे. जे. इथे वर्षाला साधारण लाख-दीड लाख. खासगीत दहा-बारा लाख किंवा जास्त, अभिमत विद्यापीठात पंचवीसच्या पुढे. राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी-बारावीही सहसा महाराष्ट्रातूनच लागते. मुलांना राजस्थानातल्या कोटाला क्लासला पाठवणाऱ्यांनी हे आधी पाहावं. मुलगी ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी गटातली आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर 2024 च्या शासन निर्णयाने शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अभिमत विद्यापीठं आणि मॅनेजमेंट कोटा त्यात नाहीत. अर्ज महाडीबीटीवर.

पालिकेच्या कॉलेजात नंबर लागला तर घाटकोपरहून परळ, बोरिवलीहून प्रभादेवी, रेल्वेच्या पासात भागतं. ही चैन एमबीबीएसपुरतीच. रेसिडेन्सी सुरू झाली की घर उपनगरात असून नसल्यासारखं. लोकलमधून पडलेले, हायवेवर धडकलेले रुग्ण सायनला कुठल्याही वेळी येतात, आणि डोक्यातला रक्तस्राव सकाळच्या राउंडपर्यंत थांबत नाही. स्टायपेंड पाऊण लाखाच्या पुढे असतो, म्हणजे पोर तुमच्याकडे पैसे मागत नाही. पण तेवढ्यावर मोठं कर्ज फिटत नाही.

खरी मेख कर्जातच आहे. वर्षाला बारा लाखांप्रमाणे साडेचार वर्षांचे झाले 54 लाख. दहा टक्क्यांनी नुसतं व्याजच वर्षाला 5 लाख 40 हजार. बँकेची हप्त्यांची सवलत बहुधा कोर्स संपल्यावर सहा महिने ते वर्षभर असते, आणि बँकेच्या लेखी कोर्स म्हणजे एमबीबीएस. पुढची सहा वर्षं हप्ता भरणार कोण? साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला सहसा तारण लागतं, म्हणजे बहुतेकदा राहता फ्लॅट.

‘एकदा सर्जन झाली की फेडेल’ हेही तपासून घ्या. डोळ्यांचा डॉक्टर स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढू शकतो. न्यूरोसर्जनला सीटी स्कॅन, आयसीयू, व्हेंटिलेटर आणि कोटीच्या घरातला मायक्रोस्कोप लागतो, त्यामुळे तो मोठ्या हॉस्पिटलवर अवलंबून. सुरुवातीची वर्षं मिनिमम गॅरंटीच्या करारावर, नाहीतर सकाळी अंधेरी, संध्याकाळी मुलुंड अशा अटॅचमेंटवर जातात. इन्डेम्निटी विम्याचा हप्ता वेगळा. पुढे कमाई उत्तम होते, पण ती चाळिशीच्या आसपास.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: फ्लॅट गहाण टाकून खासगी एमबीबीएस आणि त्यावर न्यूरोसर्जरी, हा सौदा मध्यमवर्गीय घराने करू नये. सरकारी जागेसाठी एक वर्ष जास्त गेलं तरी चालेल. स्वस्त म्हणून ते शिक्षण हलकं नाही: मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना प्लेट-स्क्रूने स्थिर करण्याची डॉ. अतुल गोयल यांची पद्धत केईएममधलीच, 1994 साली प्रसिद्ध झालेली आणि आज जगभर वापरली जाणारी.

मात्र तिथे बाँड असतो. एक वर्षाची सेवा टाळली तर पदव्युत्तरला 50 लाख आणि सुपरस्पेशालिटीला 2 कोटी असा दंड राज्याने ठेवला आहे. प्रवेशाच्या दिवशी त्या कागदावर पालकांचीही सही मागितली, तर आधी तो चालू वर्षाच्या नियमांशी ताडून वाचा, आणि कर्ज घेतलंच तर पुढच्या शिक्षणासाठी मुदत वाढवून मिळेल का, हे बँकेकडून लेखी घ्या.