चित्रांचे दप्तर

दोन वर्षांपूर्वी माझे थोरले बंधू निवर्तले. तेराव्याच्या दिवशी ओसरीवर मांडण्यासाठी त्यांची एक चांगली तसबीर हवी होती. आमच्या घरात छायाचित्रांचा तुटवडा होता असे मुळीच नाही. घरातले मोबाईल फोन, एक संगणक आणि टेबलाच्या खणातले दोन-तीन पेनड्राइव्ह मिळून नऊ हजारांहून अधिक चित्रे होती. मुले रात्री दोन वाजेपर्यंत शोधत बसली. विजेच्या बिलांची चित्रे सापडली, कुरनूरच्या धरणावर एकाच बगळ्याची काढलेली सतरा चित्रे सापडली. परंतु दादा काही सापडेनात. अखेर एका लग्नातल्या समूहचित्रातून त्यांचा चेहरा कातरून घेतला आणि सोलापुरास पाठवून मोठा करून आणला. त्या तसबिरीत त्यांच्या खांद्यावर कोणा परक्या गृहस्थाचा हात अजूनही दिसतो.

पुढे सहा महिन्यांनी ‘न्यू फोल्डर ३’ अशा नावाच्या एका कप्प्यात दादांचे एक सुंदर छायाचित्र निघाले. विहिरीच्या काठावर बसून ते मनमोकळे हसत आहेत. चित्र घरातच होते. पण हवे होते त्या वेळी ते नसल्यासारखेच होते.

विद्यार्थी मित्रांनो, ही अडचण आमच्या लहानपणी कोणाला ठाऊक नव्हती. त्या काळी छायाचित्र म्हणजे खर्चाची बाब. कॅमेऱ्यात घातलेल्या एका गुंडाळीवर फार तर ३६ चित्रे निघत आणि ती घरी आली की चिकटवहीत काळ्या कागदावर क्रमाने लावली जात. १९७५ साली अमेरिकेतील कोडॅक कंपनीच्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मवाचून चित्र टिपणारा पहिला कॅमेरा तयार केला. त्यातले एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवावयास २३ सेकंद लागत. आज आपण तेवढ्या वेळात वीस चित्रे काढतो आणि त्यांतले एकही पुसत नाही. चित्र काढण्याचे श्रम संपले. सांभाळण्याचे मात्र वाढले.

कागदांच्या अशा ढिगाचा अनुभव महाराष्ट्राला जुना आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील असंख्य कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले होते. रुमाल म्हणजे तोंड पुसावयाचे वस्त्र नव्हे. कागदांचे गाठोडे बांधावयाचे फडके, आणि त्यावरून त्या गाठोड्यालाही रुमालच म्हणत. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या सागरातून निवडलेले कागद १९३० ते १९३४ या काळात विषयवार लावून ४५ भागांत प्रसिद्ध केले. या कामात संशोधकांना सर्वांत अधिक कशाने छळले असेल, तर सालाने. कित्येक पत्रांवर चंद्र लिहिलेला असे, महिना लिहिलेला असे, पण साल नसे! लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही ठाऊक होते. मग लिहावयाचे कशाला? शेदीडशे वर्षांनी तेच पत्र हाती घेणाऱ्याला मात्र मजकुरातली एखादी लढाई, एखादा मृत्यू, एखादे ग्रहण यांचा धागा धरून साल हुडकावे लागले. आपली आजची छायाचित्रे त्या पत्रांहून काही वेगळी नाहीत. हे कोण, ही जागा कोणती, हे आज घरात सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच ते कोणी लिहीत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि सातवीत शिकणारी माझी नात या कामास बसलो. प्रथम इकडेतिकडे विखुरलेली सारी चित्रे संगणकात एका ठिकाणी आणली आणि दुबार आलेली काढून टाकली. बगळ्याची सोळा चित्रे गेली. मग ती कप्प्यांत लावावयाची. संगणकाच्या भाषेत कप्प्याला फोल्डर म्हणतात. नातीने आपल्या मनाने माणसांच्या नावांचे फोल्डर केले: एक आजोबांचा, एक अक्काआजीचा, एक बाबांचा. मी मुद्दामच काही बोललो नाही. तासाभरात ती थबकली. स्वामी समर्थांच्या पुण्यतिथीला वटवृक्ष मंदिरापाशी मी, माझी थोरली बहीण अक्का आणि माझा मुलगा असे तिघे एकत्र उभे असलेले चित्र होते. ते कोठे ठेवावे? तिने त्याच्या तीन प्रती करून तिन्ही फोल्डरांत टाकल्या. दुसऱ्या दिवशी एका प्रतीचे नाव सुधारले, तर दोन तशाच राहिल्या. ‘‘आजोबा, आता यांतले खरे कोणते?’’ असे तिने विचारले, आणि माझे अर्धे काम तिथेच झाले.

एका चित्रात माणसे अनेक असू शकतात, प्रसंगही दोन असू शकतात. परंतु ते टिपले गेले तो क्षण एकच असतो. म्हणून फोल्डर काळाचे करावेत. वर्षाचा एक मोठा फोल्डर, त्याच्या पोटात महिन्याचे किंवा प्रसंगाचे लहान फोल्डर, एवढे पुरे. नाव देताना वर्ष आधी लिहावे, मग महिना, मग दिवस. आणि एप्रिलसाठी नुसते ४ न लिहिता ०४ असे दोन आकडे लिहावेत. याचे कारण असे की संगणक नावे डावीकडून एकेक अक्षर पाहून लावतो. आपण नेहमीप्रमाणे दिवस आधी लिहिला, तर साऱ्या वर्षांतल्या सगळ्या एक तारखा एकत्र गोळा होतील आणि दिवाळी गुढीपाडव्याच्या आधी जाऊन बसेल. तारखेचा हा क्रम आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरला आहे.

एवढ्याने जागा ठरली. शोध मात्र संपत नाही. आमच्या गावातली पुण्यतिथी चैत्र वद्य त्रयोदशीला असते. इंग्रजी महिन्यांच्या हिशेबाने ती कधी एप्रिलमध्ये येते, तर कधी मे महिन्यात. गेल्या दहा वर्षांतल्या पुण्यतिथीची चित्रे पाहावयाची झाली, तर दहा फोल्डर उघडून पंचांग हाती घ्यावे लागेल. येथे मला शाळेच्या ग्रंथालयाची आठवण झाली. पुस्तक एकच, ते कपाटात एकाच खणात राहते. पण त्याची पत्रके तीन असतात: लेखकाच्या नावाचे एक, ग्रंथनामाचे दुसरे आणि विषयाचे तिसरे. वाचक कोणत्याही वाटेने आला, तरी त्याच खणाशी पोचतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य डॉ. रंगनाथन यांनी तर १९३३ साली अशी वर्गीकरणपद्धती मांडली की एकाच ग्रंथाकडे विषय, स्थळ, काळ अशा निरनिराळ्या अंगांनी पाहता यावे.

संगणकातील चित्राला असे पत्रक जोडता येते. त्याला टॅग म्हणतात. टॅग म्हणजे चित्राला अडकवलेली नावाची चिठ्ठी. फोल्डर एकच असतो, टॅग हवे तितके. मंदिरापाशी काढलेल्या त्या चित्राला आम्ही तिघांची नावे, ‘अक्कलकोट’ आणि ‘पुण्यतिथी’ असे पाच टॅग दिले. आता ‘पुण्यतिथी’ हा शब्द टाकला की सर्व वर्षांची चित्रे एका रांगेत उभी राहतात, आणि मूळ चित्रे आपापल्या जागेवरून तसूभरही हलत नाहीत.

मात्र टॅग देणाऱ्याने शब्दाचा कठोरपणा सांभाळला पाहिजे. नातीने एके ठिकाणी ‘अक्कलकोट’, दुसऱ्या ठिकाणी ‘अकलकोट’ आणि तिसऱ्या ठिकाणी नुसते ‘गाव’ लिहिले होते. यंत्राच्या दृष्टीने ही तीन गावे झाली. (शुद्धलेखनाचे महत्त्व मी वर्गात कित्येक वर्षे सांगितले, ते पटवून देण्यास अखेर संगणक उपयोगी पडला.) नात्यांचा घोटाळा त्याहून मोठा. ‘आजी’ असा टॅग दिला, तर ती कोणाची आजी? माझी आई माझ्या मुलांची आजी होती आणि माझी पत्नी माझ्या नातीची आजी आहे. आमचा मुलूख मराठी-कानडीच्या सीमेवरचा. येथे एकच गृहस्थ एका घरात अप्पा, दुसऱ्या घरात काका. आणि ‘अण्णा’ म्हणावेत असे तर आमच्या कुळात तिघे झाले. म्हणून आम्ही एक वही घातली. प्रत्येकाचे पूर्ण नाव एकदाच ठरवून त्या वहीत लिहिले, आणि टॅगमध्ये तेच नाव वापरले. नाते सांगणाऱ्यागणिक पालटते, नाव पालटत नाही.

आता तुम्ही म्हणाल की हल्लीचे फोन चेहरे स्वतःच ओळखतात, तारीखही स्वतःच जाणतात. हे खरे आहे, पण पुरते खरे नाही. जपानमध्ये १९९५ साली ठरलेल्या ‘एक्झिफ’ नावाच्या पद्धतीनुसार कॅमेरा चित्राच्या पोटातच दिनांक व वेळ लिहून ठेवतो. तथापि कॅमेऱ्याचे घड्याळ चुकलेले असले, तर तो चुकीची तारीखही तितक्याच निष्ठेने लिहितो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्रातून ही नोंद बहुधा गळून पडते आणि नावात उरते ती चित्र पाठविल्याची तारीख. यंत्र सारखे चेहरे एकत्र करते, परंतु त्या चेहऱ्याचे नाव कोणी तरी सांगावेच लागते. माझ्या दोन पुतण्यांना तर ते आजही एकच समजते. शिवाय काही प्रणाली टॅग चित्राच्या पोटात न लिहिता स्वतःच्या वहीत लिहितात. प्रणाली बदलली की ती वही मागे राहते आणि चित्रे पुन्हा अनामिक होतात. म्हणून टॅग चित्रातच नोंदविले जातात की नाही, हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहावे. आम्ही ते शंभर चित्रे झाल्यावर पाहिले आणि ती शंभर पुन्हा केली.

संग्रहाची एकच प्रत ठेवणे म्हणजे सारे धान्य एकाच कणगीत भरणे होय. आमची एक प्रत संगणकात आहे, दुसरी कपाटातल्या वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी पुण्यास मुलाच्या घरी.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी तेवढी राहिली होती. तिच्यातली जुनी छायाचित्रे आम्ही खिडकीच्या उजेडात धरून फोनने टिपून घेतली, आणि पाठीमागे काही लिहिलेले असेल तर तीही बाजू टिपली. येथे एक गंमत झाली. माझ्या बालपणीची सारी मंडळी संगणकाने गेल्या जून महिन्यात नेऊन बसविली, कारण फोनने त्या दिवसाचीच तारीख लिहिली होती. त्या तारखा हाताने बदलाव्या लागल्या. जेथे नक्की साल कळेना, तेथे ‘१९६२ च्या सुमारास’ असे लिहिले.

या पेटीतल्या माणसांना ओळखणारी आता अक्का एकटीच उरली आहे. तिला ऐंशीवे वर्ष चालू आहे. सकाळचे कधी कधी दुपारी आठवत नाही, पण साठ वर्षांपूर्वीच्या लुगड्याचा काठ बरोबर आठवतो. ज्या चित्रांतली माणसे मला ओळखू येईनात, त्यांना नातीने ‘ओळखायचे आहे’ असा टॅग दिला. अशी एक्केचाळीस चित्रे निघाली. दर रविवारी दुपारी ती संगणक घेऊन अक्कापाशी बसते आणि चित्र मोठे करून दाखविते. घाई केली की अक्का गोंधळते, म्हणून एका बैठकीला दोन-तीनच.

परवाच्या रविवारी दारात उभ्या असलेल्या एका स्त्रीचे चित्र निघाले. डोक्यावर पदर, कडेवर मूल. अक्का बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘ही दुधनीची मावशी. कडेवर आहे तो तुझा दादाआजोबा. तापाने फणफणला होता, म्हणून ही राहायला आली होती.’’

नातीने दादांचे नाव टाकले आणि विचारले, ‘‘अक्काआजी, मावशीचे नाव काय?’’

अक्काने आठवून पाहिले. मीही पाहिले. सासरी गेल्यापासून तिला सगळे दुधनीचीच म्हणत. नाव कोणी कधी घेतलेच नव्हते. पूर्ण नावाखेरीज टॅग नाही, हा आमचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. नातीने माझ्याकडे पाहिले, मी मान हलविली, आणि तिने ‘दुधनीची मावशी’ असे लिहिले. चित्रे आता चाळीस उरली आहेत.