नौकेतील इंजिन तिरपे बसले आहे काय? तपासणीची योग्य रीत

कोकण किनाऱ्यावरील खेड्यांतून शेती व मासेमारी हे दोन्ही व्यवसाय शेजारी-शेजारी चालतात. नारळी पौर्णिमेनंतर नौका पाण्यात लोटल्या की इंजिनावर सारा हंगाम अवलंबून असतो. भर समुद्रात शाफ्ट मोडला, किंवा शाफ्टच्या वाटेने पाणी आत शिरू लागले, तर मासळीचीच नव्हे तर माणसांचीही हानी होण्याचा संभव असतो. अशा अपघातांचे मूळ पुष्कळदा एका साध्या दोषात सापडते. तो दोष म्हणजे इंजिन आपल्या बैठकीवर नीट न बसणे. ग्रामसेवकांस व नौकाधारकांस हा दोष वेळीच ओळखता यावा, या हेतूने तपासणीची रीत पुढे दिली आहे.

तिरपेपणा म्हणजे काय?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. नौकेतील इंजिन जमिनीशी समपातळीत असावे असा नियम नाही. पंखा पाण्यात खोल असल्यामुळे शाफ्ट पाठीमागे उतरता असतो व इंजिनही त्याच उताराने बसविलेले असते. चारही रबरी माउंटिंगची उंची तंतोतंत सारखी असलीच पाहिजे असेही नाही, कारण इंजिनाचे वजन सर्व बाजूंस सारखे नसते. म्हणून पाणसळ लावून किंवा नजरेने पाहून इंजिन 'सरळ' करू नये. इंजिनाचा मध्य व शाफ्टचा मध्य एकाच रेषेत आहेत किंवा नाहीत, एवढाच खरा प्रश्न आहे. शाफ्ट हा मालक व इंजिन हे चाकर, असे समजून काम करावे.

दोषाची चिन्हे

शाफ्ट फिरत असताना ग्लँडमधून थेंबथेंब पाणी येणे स्वाभाविक आहे. परंतु नवे पॅकिंग भरूनही धार लागत असेल, पॅकिंग एकाच बाजूने झिजत असेल, माउंटिंगचे किंवा कपलिंगचे बोल्ट वारंवार ढिले होत असतील, अथवा गिअर पेटीच्या मागील सीलमधून तेल गळत असेल, तर संशय घ्यावा.

नौका धक्क्याला घट्ट बांधून एक सोपी परीक्षा करता येते. गिअर न टाकता इंजिनाचा वेग वाढवावा. तरीही हादरे बसत असतील तर दोष इंजिनात किंवा माउंटिंगमध्ये शोधावा. गिअर टाकल्यावरच हादरे सुरू होत असतील तर शाफ्ट, पंखा किंवा कपलिंगची रेषा यांकडे लक्ष द्यावे.

बैठकीची पाहणी

इंजिन बंद करून बॅटरीची तार काढावी व तळातील तेलकट पाणी उपसून जागा स्वच्छ करावी. नंतर पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

1. ज्या लाकडी तुळयांवर इंजिन बसले आहे त्या हातोडीने हलकेच ठोकाव्यात. आवाज बद्द येत असेल व सुरीचे टोक सहज आत जात असेल, तर लाकूड कुजलेले आहे. अशा तुळईवर कितीही नट आवळले तरी उपयोग नाही.

2. प्रत्येक माउंटिंगचे रबर पाहावे. डिझेल व तेल यांच्या संपर्काने रबर फुगते व मऊ पडते. रबरास भेगा पडल्या असतील, ते लोखंडापासून सुटले असेल किंवा इतरांपेक्षा फारच दबले असेल, तर ते बदलावे.

3. इंजिन रबराशिवाय थेट तुळईवर आवळलेले असल्यास एका वेळी एकच बोल्ट ढिला करावा. ढिला करताच तो पाय वर उचलला गेला किंवा त्याखाली फीलर गेजचे पान शिरू लागले, तर तो पाय मुळात टेकलेलाच नव्हता व बोल्टने तो ओढून धरला होता, असे समजावे.

कपलिंगची परीक्षा

ही मुख्य परीक्षा होय. ती नौका पाण्यात असतानाच करावी. किनाऱ्यावर ओढलेल्या नौकेचा सांगाडा टेकूंवर वेगळ्या रीतीने वाकतो, म्हणून तेथे जुळविलेली रेषा पाण्यात चुकते. नौका लोटल्यावर किमान एक दिवस जाऊ द्यावा व टाक्यांत नेहमीइतके डिझेल आणि पाणी ठेवावे.

बोल्ट काढण्यापूर्वी शाफ्ट मागे सरकणार नाही असा बांधून घ्यावा. तो घसरून बाहेर गेल्यास पाणी आत शिरते. बोल्ट काढल्यावर शाफ्टचे मोकळे टोक स्वतःच्या वजनाने झुकते. ते वर-खाली हलवून पाहावे व मोकळिकीच्या मध्यावर लाकडी ठोकळ्याने टेकवावे. आता दोन्ही तबकड्या हाताने जवळ आणाव्यात. एकीचा मधला उंचवटा दुसरीच्या खाचेत जोर न लावता बसला पाहिजे. नंतर वर, खाली, उजवीकडे व डावीकडे अशा चार ठिकाणी फीलर गेजने फट मोजावी. सर्वांत मोठी व सर्वांत लहान फट यांतील फरक तबकडीच्या दर 100 मिलिमीटर व्यासास 0.1 मिलिमीटरहून अधिक नसावा.

फरक अधिक आढळल्यास केवळ शाफ्टची तबकडी पाव फेरा फिरवून पुन्हा मोजावे. रुंद फट जागच्या जागी राहिली तर इंजिन रेषेबाहेर आहे. फट तबकडीबरोबर फिरली तर तबकडी किंवा शाफ्ट वाकडा आहे व तो कारखान्यात नेला पाहिजे. येथे माउंटिंग हलवून काहीही साधणार नाही.

उदाहरणार्थ, 125 मिलिमीटर व्यासाच्या कपलिंगात वर 0.10 व खाली 0.45 मिलिमीटर फट मिळाली. फरक 0.35 झाला, तर मर्यादा सुमारे 0.12 आहे. फट खाली रुंद, याचा अर्थ शाफ्टच्या मानाने इंजिनाची पुढची बाजू वर किंवा मागची बाजू खाली आहे. इंजिनाची तबकडी शाफ्टच्या तबकडीहून स्पष्टपणे खाली उतरलेली असेल तर मागील रबर बसले आहे असे निदान होते. येथे पुढची बाजू खाली करणे म्हणजे रोग झाकणे होय. मागील दोन्ही रबरे एकाच जातीची, जोडीने बदलावीत.

दुरुस्ती करताना

प्रथम चारही नट सारखे फिरवून दोन्ही तबकड्यांचे मध्य जुळवावेत. मग फटीकडे वळावे. ज्या दिशेस फट रुंद, त्या दिशेस इंजिनाची पुढची बाजू न्यावी, हा नियम लक्षात ठेवावा. एका वेळी नट थोडाच फिरवावा. नट आवळताना इंजिन पुन्हा हलते, म्हणून सर्व आवळून झाल्यावर पुन्हा मोजावे.

पायाखाली लाकडाच्या पाचरी ठोकू नयेत. त्या दबतात व कुजतात. धातूच्या सपाट पट्ट्याच वापराव्यात. तेलाच्या टाकीखाली पहार घालून इंजिन उचलू नये. कपलिंगचे बोल्ट आवळून फट मिटविणे तर सर्वांत घातक होय. तशी फट दिसेनाशी होते, परंतु शाफ्ट प्रत्येक फेऱ्यास वाकत राहतो व अखेरीस मोडतो.

नवी रबरे काही दिवसांनी बसतात, म्हणून पहिल्या काही फेऱ्यांनंतर माप पुन्हा घ्यावे. तांडेलाने चारही मापे तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. पुढील वर्षी ती जुळली नाहीत तर इंजिन, रबर किंवा नौकेचा सांगाडा यांपैकी काहीतरी हलले आहे हे तात्काळ कळेल. शेतावरील इंजिन व पंप कपलिंगने जोडलेले असतील तर तेथेही रेषेचे हेच तत्त्व लागू पडते. फरक एवढाच की शेतात बिघाड झाल्यास पाणी थांबते, आणि समुद्रात ते आत येते.