बर दुबईत दहा जणांचं सिंगापुरी जेवण : बिल किती आणि का?

आधी एक ठरवा. साधं रेस्टॉरंट की हॉटेलातलं? पुढचा सगळा खर्च त्यावर आहे. बुर्जुमान, मनखूल, करामा या पट्ट्यातल्या साध्या जागी माणशी ६० ते ८० दिरहम धरून निघा. ‘सिंगापूर डेली’ हे नाव इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक असतं. ग्रँड हयातमधल्या ‘पेपरक्रॅब’सारख्या जागी मात्र माणशी निदान २५० धरा, तेही खेकडा आणि पेयं सोडून. साध्या जागी दारू मिळत नाही. हॉटेलात मिळते, पण वय २१ पूर्ण हवं. चेहऱ्यावरून लहान दिसणाऱ्यांनी एमिरेट्स आयडी किंवा पासपोर्ट जवळ ठेवावा. एरवी जेवायला कुठलाही कागद लागत नाही.

शुक्रवार-शनिवारची रात्र असेल तर दोन-तीन दिवस आधी फोन करा, आणि पत्ता-वेळही तेव्हाच पक्की करून घ्या. फोनवर विचारायचं ते असं : डिपॉझिट आहे का, आणि माणसं कमी आली तर ते परत मिळतं का? ‘मिनिमम स्पेंड’ आहे का? बाहेरून केक आणला तर कापायचे पैसे लावता का? बिल वेगवेगळं करून द्याल का? शेवटचा प्रश्न जेवण झाल्यावर विचारलात तर वेटर आणि मित्र दोघेही वैतागतात. ऑनलाइन बुकिंगमध्ये कार्डाचा नंबर मागितला, तर न आल्यास किती कापणार हे वाचल्याशिवाय बटण दाबू नका. आणि सेट मेन्यू गळ्यात मारला जात असेल तर त्यात पाणी, भात आणि गोड धरलंय का, ते विचारा. बहुधा नसतं.

आता बिल. व्हॅट ५ टक्के, २०१८पासून. कायद्याने मेन्यूवरची किंमत व्हॅटसहच हवी, त्यामुळे तो वर वेगळा लावला तर हरकत घ्या. हॉटेलात शिवाय १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि ७ टक्के म्युनिसिपालिटी फी असते. मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, ती वाचा. किमतीत सगळं धरलेलं असेल तर वर काही द्यायचं नाही. ‘यावर अधिक’ असं असेल तर १,००० दिरहमांचं जेवण १,१७० च्या आसपास जातं. सर्व्हिस चार्ज दिलात तर टिप सक्तीची नाही. द्यायचीच असेल तर वेटरच्या हातात रोख द्या.

पाणी हा सगळ्यात चोरटा खर्च. ‘वॉटर?’ म्हटल्यावर तुम्ही मान हलवता आणि टेबलावर परदेशी बाटल्या येतात. ‘लोकल वॉटर’ असं स्पष्ट सांगा. खेकडा वजनावर असेल तर भाव आणि वजन दोन्ही ऑर्डरआधी विचारा. मेन्यूत आकडा नसून ‘मार्केट प्राइस’ लिहिलेलं असेल तर नक्कीच. एकावर एक फुकट देणारी ॲपची कुपनं असतील तर ऑर्डर देण्यापूर्वी दाखवा. एका टेबलावर किती चालतात, सुटीच्या दिवशी चालतात का, हे घरीच पाहून घ्या.

भारतातून आलेले पाहुणे कार्ड देणार असतील तर मशीन विचारतं, रुपये की दिरहम? दिरहम निवडा. रुपयाचा दर दुकानाच्या बाजूची बँक ठरवते, आणि तो सहसा तोट्याचाच असतो. पर्यटकांचा व्हॅट परतावा वस्तूंवर मिळतो, खाऊन संपवलेल्या जेवणावर नाही.

मराठी ग्रुपमध्ये खरा घोळ शाकाहाराचा होतो. लाक्साचा केशरी, नारळाच्या दुधातला रस्सा पाहून सोलकढीवर वाढलेल्या माणसाचा जीव लगेच बसतो, पण त्याच्या वाटणात सुकट असते. सांबल चटणीत बहुतेक वेळा ब्लाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची पेस्ट. फळांचं रोजाकही त्यातून सुटत नाही. नासी लेमाकच्या ताटात तळलेली बारीक सुकी मासळी. हैनानी चिकन राइसचा भातच कोंबडीच्या पाण्यात शिजतो, म्हणून चिकन बाजूला काढून तो चालणार नाही. तेव्हा ‘व्हेज आहे का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. ‘श्रिंप पेस्ट, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, चिकन स्टॉक, यातलं काही आहे का?’ असं एकेक नाव घेऊन विचारा. रेंडांग बहुधा बीफचं असतं आणि साते कशाचं आहे ते विचारावं लागतं. साते आणि गाडो-गाडोच्या सॉसमध्ये शेंगदाणे असतात, ॲलर्जीवाल्यांनी जपा. काया टोस्टवरच्या हिरवट जॅममध्ये अंडं असतं. रोटी प्राटा त्यातल्या त्यात निर्धोक, फक्त सोबतची करी कशाची ते पाहा. संकष्टी-गुरुवार पाळणारे जास्त असतील तर तारीखच बदला, भांडण स्वस्तात मिटतं.

जायचं कसं? मेट्रोने. बुर्जुमानला लाल आणि हिरवी, दोन्ही मार्गिका मिळतात. ग्रँड हयातसाठी हिरव्या मार्गिकेवर दुबई हेल्थकेअर सिटीला उतरा. मेट्रोच्या सिल्व्हर नोल कार्डावर अंतरानुसार ३, ५ किंवा साडेसात दिरहम. सोमवार ते गुरुवार आणि शनिवारी मेट्रो मध्यरात्रीपर्यंत, शुक्रवारी रात्री एकपर्यंत. उरलेलं जेवण बांधून घ्या, पण गाडीत उघडू नका, मेट्रोत खाण्याला १०० दिरहम दंड आहे. टॅक्सीचं किमान भाडं १२ दिरहम, म्हणून चौघांनी मिळून घेतलेली टॅक्सी जवळच्या अंतराला मेट्रोच्या बरोबरीत येते. स्वतःची गाडी असेल तर रविवारी या. रस्त्यावरचं सरकारी पार्किंग त्या दिवशी फुकट असतं, इतर दिवशी रात्री दहानंतर. देराहून येताना इन्फिनिटी पुलावर सालिक, म्हणजे टोल, लागत नाही, मकतूम आणि गरहूद पुलांवर लागतो.

बिलावर पंधरा आकडी टॅक्स नंबर नसताना व्हॅट लावलेला दिसला, किंवा न सांगितलेली रक्कम दिसली, तर बिलाचा फोटो काढा, मॅनेजरला बोलवा आणि ती रक्कम कमी करून घ्या. तो ऐकत नसेल तर दुबईच्या ग्राहक तक्रार विभागाचा नंबर ६०० ५४ ५५५५.