दोन कपाटांमधली माहिती

प्रश्न : माझ्या पत्नीला गेली बरीच वर्षं अर्धशिशीचा त्रास आहे. मेंदूचे डॉक्टर वेगळे, पोटाचे वेगळे, डोळ्यांचे तिसरेच. प्रत्येक जण आपापल्यापुरतं बघतो आणि पुढच्याकडे धाडतो. या सगळ्या शास्त्रांतली माहिती एकत्र मांडून कुणी आजाराचा विचार करत नाही का? आणि केला, तर त्यातून खरंच काही हाती लागतं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लागतं. विशेष म्हणजे या प्रकारातलं एक गाजलेलं उदाहरण अर्धशिशीचंच आहे, आणि ते शोधणारा माणूस डॉक्टर नव्हता.

डॉन स्वॅन्सन हे शिकागो विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचे प्राध्यापक. मूळ शिक्षण भौतिकशास्त्राचं. ना प्रयोगशाळा, ना रुग्ण. १९८०च्या दशकात ते वैद्यकीय निबंध वाचत होते. एका बाजूला माशाच्या तेलाविषयीचे निबंध होते. बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांचा अभ्यास केल्यापासून या विषयाला जोर आला होता. हे तेल आहारात असलं की रक्त जरा पातळ राहतं, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) एकमेकींना कमी चिकटतात, रक्तवाहिन्या सहजासहजी आवळत नाहीत, असं त्यात होतं. दुसऱ्या बाजूला रेनॉडच्या विकारावरचे निबंध. या विकारात थंडी लागली की हातापायांची बोटं आधी पांढरीफटक, मग निळी आणि शेवटी लाल होतात. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली त्याचं वर्णन केलं होतं. या निबंधांत काय होतं? रुग्णांचं रक्त दाट, बिंबिका चिकट आणि रक्तवाहिन्या चटकन आवळणाऱ्या.

आता हे दोन ढीग शेजारी ठेवले तर कुठलाही शहाणा माणूस म्हणेल की उत्तर समोरच आहे. पण स्वॅन्सनना दिसलं ते असं, की माशाच्या तेलाचे अभ्यासक रेनॉडवाल्यांचं वाचत नव्हते आणि रेनॉडवाले तेलवाल्यांचं. निबंधाच्या शेवटी जी संदर्भांची यादी असते, तिच्यातही एकमेकांची नावं जवळपास नव्हती. माहिती छापलेली होती, ग्रंथालयात कुणालाही मिळण्यासारखी होती, तरी तिची दोन टोकं कुणी जोडली नव्हती. १९८६ साली त्यांनी ही जुळणी प्रसिद्ध केली.

पत्रिका जुळली म्हणजे लग्न लागलं असं नव्हे. १९८९ साली अमेरिकेत ३२ रुग्णांवर चाचणी झाली. काहींना माशाचं तेल दिलं, काहींना दुसरं तेल, आणि कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णांना माहीत ना तपासणाऱ्यांना. ज्यांना रेनॉडचा त्रास स्वतंत्रपणे होता, त्यांची थंडी सोसण्याची ताकद वाढली. ज्यांना तो दुसऱ्या एखाद्या रोगापोटी झाला होता, त्यांना फारसा उपयोग झाला नाही. मला हा निकाल पूर्ण यशापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो. एकाच नावाखाली दोन निराळे आजार वावरत असतील, हे कागदावरच्या जुळणीत दिसत नाही. त्यासाठी रुग्णाचा हात थंड करून बघावा लागतो.

आता तुमच्या पत्नीच्या आजाराकडे. १९८८ साली स्वॅन्सननी अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांच्यातले ११ दुवे मांडले. त्यांतला एक पाहा. अर्धशिशीच्या झटक्याआधी काहींना डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेषा दिसतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून विद्युत क्रिया मंदावल्याची एक लाट हळूहळू सरकते, तिचा हा परिणाम मानतात. दुसऱ्याच निबंधांमध्ये, प्राण्यांवरच्या प्रयोगांत, मॅग्नेशियम कमी पडलं की अशी लाट सहज उठते, असं नोंदलेलं होतं. शिवाय अर्धशिशी टाळण्यासाठी कॅल्शियमचा मार्ग अडवणारी औषधं वापरत होते, आणि मॅग्नेशियम शरीरात काहीसं तेच काम करतं. एकेक दुवा लंगडा, अकरा एकत्र आले की विचार करायला लावणारे.

पुढे जर्मनीत चाचण्या झाल्या. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम घेणाऱ्यांचे झटके औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत, मॅग्नेशियमचा वेगळा क्षार वापरला होता, तिथे काहीच फरक दिसला नाही. म्हणून आज डॉक्टर याला रामबाण म्हणत नाहीत, पण काही रुग्णांना देऊन बघतात.

अशी जुळणी फक्त शिकागोतच झाली असं नाही. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यासमोर येणारे मधुमेही पुस्तकातल्यासारखे लठ्ठ आणि वयस्क नसायचे. बरेच जण तरुण आणि अंगाने साधारण. मग मधुमेहाच्या डॉक्टरने कुणाचं ऐकायचं? इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशरमधल्या दाया-परिचारिकांच्या जुन्या वह्यांतून वेगळंच काढलं होतं. तिथे जन्मतः आणि वर्षाचं होताना ज्यांचं वजन कमी होतं, अशा पुरुषांचे मोठेपणी हृदयविकाराने मृत्यू जास्त होत होते. म्हणजे हृदयविकाराचा धागा बाळंतघरापर्यंत जात होता; मधुमेहाचाही तसाच जात असेल का? पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भारपणीचं पोषण, बाळाचं वजन आणि पुढे त्याच मुलांचं रक्त असं सगळं नोंदायला सुरुवात झाली. नवजात बाळाच्या पाठीवरची कातडी चिमट्यात धरून चरबी मोजली. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची ३.५ किलोची. पण पाठीवरची चरबी तितकीशी कमी नव्हती. बारीक, तरी चरबीदार. पुढे गर्भारपणात ब-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. मधुमेहतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि गावात घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्त्या या चौघांपैकी एक जरी गळाला असता, तरी हा निष्कर्ष निघाला नसता. आता तीच मुलं मोठी झाल्यावर, मूल व्हायच्या आधीच त्यांना ब-१२ देऊन पुढची पिढी सुधारते का, याचीही चाचणी झाली आहे.

मग इतकं सोपं असून सगळे हे का करत नाहीत? कारण सोपं नाही. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या नोंदवहीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. दुसऱ्या विषयात नवखा माणूस होण्याची लाज आणि मेहनत दोन्ही असते, आणि पदोन्नती मात्र एकाच विषयात मिळते. स्वॅन्सन यांनी सहकाऱ्यांसोबत या जुळण्या शोधायला संगणकही वापरला. यंत्र शेकडो दुवे काढून देतं, त्यांतले बहुतेक पोकळ निघतात. कुठला खरा, हे त्या आजाराचा रुग्ण पाहिलेला माणूसच सांगू शकतो.

पत्नीसाठी एवढंच सांगतो. सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चालू गोळ्या आणि झटका कधी, किती वेळ, पाळीच्या आसपास का, याची नोंद एकाच फायलीत ठेवा आणि फॅमिली डॉक्टरांना दाखवा. मॅग्नेशियमचा प्रश्न तिथेच विचारा. नाचणी, तीळ, शेंगदाणे, पालेभाजी यांतून ते मिळतंच, त्याला परवानगी नको. गोळी घ्यायची असेल तर मूत्रपिंडाची तपासणी आधी करा, कारण मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर मॅग्नेशियम अंगात साठून राहतं.