मागची गाडी

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. त्याच्या पूर्व अंगाने सिएरा नेवाडा ही पर्वतांची रांग पसरलेली असून तिच्या पश्चिम उतारावर जॉर्जटाउन हे एक लहानसे गाव आहे. 1849 च्या सुमारास सोन्याच्या शोधात आलेल्या लोकांनी ते वसवले. पुढे सोने सरले, माणसे पांगली आणि गावाचा व्यापारउदीम मंदावला. पर्वत ओलांडून टाहो सरोवराकडे जाणारी रुबिकॉन नावाची एक जुनी वाट मात्र तेथे शिल्लक होती. 1953 साली मार्क स्मिथ नावाच्या गृहस्थांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या वाटेने जीप गाड्यांची एक सफर योजिली. पाहुणे येतील आणि गावाच्या धंद्याला चालना मिळेल, हा त्यांचा हेतू होता. त्या पहिल्या सफरीत 55 गाड्या व 155 माणसे होती. पुढे 1967 साली युटा राज्यातील मोआब या गावाच्या व्यापारी मंडळाने ईस्टरच्या सणाला अशीच एक सफर सुरू केली. आज या दोन्ही ठिकाणी जगभरातून माणसे येतात.

या सफरींत जीपगाड्यांच्या जोडीला छोटे ट्रकही असतात. त्या देशात पाठीमागे उघडा हौदा असलेल्या लहान मालगाडीलाही ट्रकच म्हणतात, आणि शेतकऱ्यापासून शिक्षकापर्यंत कित्येकांच्या दारात ती उभी असते. तिची चारही चाके इंजिनाच्या जोरावर फिरू शकली, तर जेथे सडक संपते तेथूनही ती पुढे जाऊ शकते. रुबिकॉनची वाट जेमतेम 35 किलोमीटरांची आहे. परंतु ग्रॅनाइटचे शिलाखंड, ओढे आणि उभे चढ यांमुळे ती पार करण्यास बहुधा दोन दिवस लागतात. पायी चालणारा मनुष्य गाडीच्या पुढे निघून जाईल, इतका तेथील वेग मंद असतो. अशा सफरीला शर्यत समजू नये. येथे कोणी पहिला येत नाही आणि कोणाला बक्षीसही मिळत नाही.

अशा वाटेने एकट्याने जाऊ नये, हा या छंदाचा पहिला नियम होय. एक गाडी दोन शिळांमध्ये अडकली, तर तिला ओढून काढण्यास दुसरी गाडी हवी. एखाद्याचा पाय मोडला, तर त्याला दवाखान्यापर्यंत पोहोचवणारे कोणी हवे. म्हणून दहा-पंधरा गाड्यांचा तांडा करून निघावे, असे ठरले. पण तांड्याच्या आधाराबरोबर एक नवा धोकाही येतो. एकटा मनुष्य पावलोपावली सावध असतो. तोच चौघांत मिसळला, की सावध राहण्याचे काम त्याने नकळत उरलेल्या तिघांवर सोपवलेले असते, आणि ते तिघेही त्याच भरवशावर चालत असतात! तांडा नीट चालवण्याची सारी विद्या या एका धोक्याभोवती गुंफलेली आहे.

निघण्याच्या दिवशी सकाळी सर्व चालक एकत्र जमतात. बंजाऱ्यांच्या तांड्याला जसा नायक असतो, तसा याही तांड्याला एक नायक असतो. त्याने ती वाट पूर्वी पाहिलेली असते. तो वाटेची माहिती देतो व प्रत्येक गाडीभोवती एक फेरी मारतो. ओढण्यासाठी पुढे व मागे भक्कम आकडे आहेत काय, बॅटरी घट्ट बांधलेली आहे काय, जादा चाक इतर चाकांच्याच मापाचे आहे काय, आग विझवण्याचे नळकांडे हाताशी आहे काय, हे तो पाहतो. गाडीच्या आत सुटे पडलेले अवजार तो बांधावयास लावतो. कारण गाडी कलंडली, म्हणजे तोच पाना माणसाच्या डोक्यावर येऊन आदळतो. वाट संपेपर्यंत मद्याला कोणी स्पर्श करावयाचा नाही, हेही तो बजावतो. हे सारे झाल्यावर प्रत्येक जण एका कागदावर सही करतो. या सफरीत धोका आहे हे मला ठाऊक आहे आणि तो मी समजून उमजून पत्करीत आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर असतो.

ही सही पुष्कळ जण न वाचताच करतात. संयोजक आपली कातडी बचावण्यासाठी ती घेतात, असेही काहींना वाटते. आणि त्यात तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. तरीसुद्धा त्या कागदातला मजकूर खराच आहे. नायकाने कितीही फेऱ्या मारल्या, तरी काल रात्री ब्रेकचे तेल थेंबथेंब गळत होते, ही गोष्ट केवळ गाडीच्या मालकालाच माहीत असते. रात्रभर आपल्याला झोप लागली नाही, हेही त्याचे त्यालाच माहीत. त्याने ते सांगितले नाही, तर ते जाणून घेण्याचा कोणताही मार्ग दुसऱ्यापाशी नाही.

आता तांडा निघतो. सर्वांपुढे नायकाची गाडी आणि सर्वांत शेवटी एका अनुभवी चालकाची पिछाडीची गाडी. मधल्या गाड्यांसाठी एकच नियम असतो, आणि तो मोठा मार्मिक आहे: प्रत्येकाने आपल्या मागच्या गाडीवर नजर ठेवावी. पुढची गाडी तर डोळ्यांसमोर असतेच. तिच्या मागे जाण्यास कोणी शिकवावे लागत नाही. मागे पाहणे मात्र मुद्दाम अंगी बाणवावे लागते.

हा नियम कसा चालतो ते पाहा. समजा, तांड्यात पंधरा गाड्या आहेत आणि नवव्या गाडीचे चाक एका वळणावर फुटले. सर्वांनी केवळ पुढे पाहिले, तर पहिल्या आठ गाड्या आनंदाने पुढे जातील, मागच्या सहा तेथेच अडकतील आणि तांड्याचे दोन तुकडे झाल्याचे नायकाला तासाभराने कळेल. उलट, आठव्या गाडीच्या चालकाला आरशात नववी गाडी दिसेनाशी झाली व तो थांबला, तर त्याला थांबलेला पाहून सातवा थांबतो, मग सहावा, आणि अशा रीतीने दोन-चार मिनिटांत ती बातमी काही न बोलता नायकापर्यंत जाऊन पोहोचते. वाटेला फाटा फुटला असेल, तर आपण वळलो हे मागच्याने पाहिले, अशी खात्री होईपर्यंत तेथून हलावयाचे नाही. पुढची गाडी नजरेआड झाली तरी चालेल. ती पुढच्या वळणावर तुमच्यासाठी उभी असणारच. गाड्यांतून बिनतारी संभाषणाची यंत्रे असतात, परंतु मध्ये डोंगर आला की त्यांचा आवाज तुटतो. आरसा दगा देत नाही. धूळ फार उडू लागली, तर अंतर वाढवावे. पण मागच्या गाडीचा धुरळा तरी दिसत राहिला पाहिजे.

चढउतारांचे शास्त्र आपल्याकडील घाटातल्या चालकांना परके वाटणार नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, असे जुने लॉरीचालक नवशिक्याला सांगत. तेच तत्त्व येथेही लागू आहे. उतारावर सर्वांत खालचा गिअर घालून गाडीचा भार इंजिनावर सोडावा. ब्रेक करकचून दाबला, तर चाके अडकून गाडी घसरू लागते. चढ असो वा उतार, गाडी सरळ रेषेत न्यावी. चढताना इंजिन मध्येच बंद पडले, तर गाडी आडवी वळवून परतण्याचा मोह होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी ती कलंडते. ब्रेक धरून मागचा गिअर घालावा व आलो त्याच रेषेने हळूहळू मागे उतरावे. पुढची गाडी माथ्यावर पोहोचेपर्यंत दुसरीने चढाला लागू नये, याचे कारणही आता निराळे सांगावयास नको. कमरेचा पट्टा बांधलेला असावा आणि हात आत असावेत. गाडी कलंडू लागली की तिला सावरण्यासाठी हात बाहेर टाकण्याची ऊर्मी उसळते. पण दोन हजार किलो वजनाचे लोखंड हाताने सावरले जात नाही.

दगडांतून जाताना चालकाला आपली चाके दिसत नाहीत. म्हणून एक जण खाली उतरून पुढे उभा राहतो व हाताच्या खुणांनी चाके कोठे टाकावीत ते दाखवतो. खुणा करणारा एकच असावा. भोवती जमलेले दहा जण मोठ्या उत्साहाने ‘डावीकडे, उजवीकडे’ असे ओरडू लागतात, तेव्हा गाडी बहुधा दगडावर बसते. एक खूण मात्र कोणीही करावी; अगदी लहान मुलानेही करावी. ती म्हणजे हात वर करून ‘थांबा’ म्हणणे. तो शब्द कानी पडताच चालकाने आधी थांबावे आणि कारण मागून विचारावे.

या छंदात सर्वांत अधिक जपावे लागते ते रुतलेली गाडी ओढून काढताना. त्यासाठी कधी पट्टा वापरतात, तर कधी गाडीच्या तोंडाशी बसवलेल्या रहाटावरची पोलादी तार. ताण बसलेल्या तारेत वा पट्ट्यात केवढी शक्ती साठलेली असते, याची कल्पना वरून पाहणाऱ्याला येत नाही. तार तुटली किंवा तिच्या टोकाचा आकडा निखळला, तर ती चाबकासारखी उसळते. मागे जोडगाडी ओढण्यासाठी कित्येक ट्रकांना एक लोखंडी गोळा बसवलेला असतो. पट्टा अडकवण्यास तो सोयीचा वाटतो, पण रुतलेल्या गाडीला बसणाऱ्या हिसक्यासाठी तो केलेला नसतो. तो तुटून तोफेच्या गोळ्यासारखा सुटल्याने माणसे मेल्याची उदाहरणे आहेत. पट्टा नेहमी गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या आकड्यातच अडकवावा. तारेच्या मध्यभागी जाड कांबळे टाकावे, म्हणजे ती तुटली तरी कांबळ्याच्या भाराने खाली पडते. हातात कातडी मोजे घालावेत. ताणलेली तार कोणी ओलांडू नये. आणि तिच्या लांबीहून अधिक अंतरावर सर्वांनी उभे राहावे.

असे दूर उभे राहणे सोपे आहे, असे वाटते. पण मनुष्याला जवळून पाहण्याची ओढ फार असते. 14 ऑगस्ट 2010 रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात, ल्यूसर्न व्हॅली येथे, ट्रकांची एक शर्यत भरली होती. ती सफर नव्हती, शर्यत होती, हे खरे. परंतु तिची हकीकत सफरीला जाणाऱ्यांनीही जाणून घेण्यासारखी आहे. एका उंचवट्यावरून ट्रक हवेत झेप घेत, आणि ते पाहण्यासाठी लोक धावपट्टीला अगदी खेटून उभे होते. मध्ये कुंपण नव्हते. एका ट्रकाचा तोल गेला व तो उलटून गर्दीवर पडला. 8 माणसे मृत्युमुखी पडली. ती जमीन केंद्र सरकारची होती. प्रेक्षकांपासून 50 फुटांच्या आत असताना ताशी 15 मैलांहून अधिक वेग ठेवू नये, अशी अट परवान्यात घातलेली होती. अट कागदावर होती. धावपट्टीच्या कडेला तिची आठवण करून देणारा कोणी नव्हता. सरकारच्या भूमिव्यवस्थापन खात्याने पुढे चौकशी केली व स्वतःच्याच देखरेखीत उणिवा होत्या, हे मान्य केले. या अपघातात दोष कोणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. गर्दी हटवणे हे संयोजकांचे काम, असे प्रेक्षकांनी मानले असेल. जवळ उभे राहणारे आपल्या जबाबदारीवर उभे आहेत, असे संयोजकांना वाटले असेल. माझ्या मते, ज्याच्या हाती परवाना होता व ज्याच्या हाती देखरेख होती त्यांचे ओझे अधिक जड आहे. कारण दूर राहण्याचा हुकूम तेच देऊ शकत होते. तथापि शंभर पावले मागे सरकण्यासाठी हुकुमाची वाट पाहावी लागत नाही.

पाण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. वाहत्या पाण्याची खोली अजमावल्याखेरीज गाडी त्यात घालू नये. सुमारे 30 सेंटीमीटर वाहते पाणी लहान मोटारीला वाहून नेऊ शकते आणि 60 सेंटीमीटर पाणी बहुतेक सर्व गाड्यांना. ट्रक उंच असला म्हणून पाणी त्याची गय करीत नाही.

ज्या जमिनीवरून तांडा जातो, तिचीही काही जबाबदारी चालकावर असते. मोआबच्या वाळवंटात वाळूवर काळपट, खडबडीत अशी एक पापुद्र्यासारखी साय दिसते. ती निर्जीव नसून सूक्ष्म जीव, शेवाळ व दगडफूल यांची बनलेली आहे, आणि वाऱ्याने उडणारी माती तीच धरून ठेवते. तिच्यावरून एकदा चाक गेले, तर ती भरून येण्यास कित्येक वर्षे लागतात. रुबिकॉनच्या वाटेवर गाड्यांतून गळलेले तेल, चाकांनी उखडलेली माती आणि मुक्कामाच्या जागी माणसांनीच केलेली घाण ओढ्यांत जाऊ लागली, तेव्हा 2009 साली तेथील जलनियंत्रण मंडळाला सफाईचा आदेश काढावा लागला. वाट कायमची बंद होते की काय, अशी भीती निर्माण झाली. तेल शोषून घेणारी फडकी आज समंजस चालक गाडीत पान्यांइतक्याच अगत्याने बाळगतो.

दिवस मावळताना तांडा डांबरी सडकेला लागतो. दगडांवर पकड यावी म्हणून सकाळी चाकांतली हवा बरीच कमी केलेली असते. ती आता पुन्हा भरावी लागते, नाहीतर वेगाने धावताना चाक तापून फुटते. लहानशा पंपाने चार चाके भरावयाची म्हणजे अर्धा तास सहज जातो. दिवसभर हादरे खाल्लेल्या चाकांच्या चक्क्या पान्याने तपासून घेतात. मुले पेंगुळलेली असतात आणि घरी जाण्याची घाई सर्वांनाच असते. नायक मात्र सकाळची यादी हातात घेऊन उभा असतो. प्रत्येक चालक त्याला सांगून जातो व त्याच्या नावापुढे खूण पडते. दिवसभर दगडांवर सुरळीत चाललेली गाडी या वेळी सुरूच होत नाही, असेही घडते. म्हणून यादीतल्या शेवटच्या गाडीचे इंजिन सुरू झाल्यावाचून नायक आपली जागा सोडत नाही.